गदा खाली ठेवल्यावर

आमच्या चाचांचे दोन्ही कान मोडलेले होते. लहानपणी मला वाटायचं, चाचा लोकांचे कान असेच असतात. पुढं कळलं, की डोक्याला डोकं भिडवून, मातीत घासून घासून कानाच्या कुर्चेत रक्त साकळतं, ते वेळीच काढलं नाही तर तिथंच घट्ट होतं आणि कान गोळा होऊन बसतो. पैलवान ओळखायचा तर छाती बघू नये, कान बघावा, असं दौंड स्टेशनवरचे हमाल सांगायचे. सुईनं रक्त काढून घेता येतं, एवढं चाचांनाही ठाऊक होतं. पण ते म्हणायचे, "कान सरळ राहिला तर लोक म्हणतील, हा नुसताच दूध प्यायला."

चाचा दौंडच्या लोको शेडमध्ये खलाशी होते. आमचं घर शिरूरला, जुन्या माणसांच्या भाषेत घोडनदीला. मे महिन्याची सुट्टी लागली की अब्बा मला एस.टी.त बसवून द्यायचे. न्हावरा, मग पारगावला भीमेचा पूल, मग चौफुला, पाटस आणि दौंड. चाचांच्या घरामागं पत्र्याची शेड होती. तीत मातीचा हौदा, भिंतीला मारुतीची तसबीर, खुंट्यांवर वाळत घातलेले लंगोट. ही त्यांची तालीम. तिला नाव नव्हतं आणि कागदावर ती कुठंच नव्हती. दर शनिवारी मारुतीच्या तसबिरीला हार आणायचं काम चाचांनी स्वतःकडं घेतलं होतं, कारण पोरं विसरायची. रमजानमध्ये ते रोजा धरून हौद्याच्या काठावर बसायचे, आणि सूर्य बुडायच्या वेळेला कुणी ना कुणी पोरगा घरून खजूर घेऊन यायचा. यात काही विशेष आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. मलाही ते लिहून ठेवावंसं वाटलं ते फार उशिरा.

आज बोलायचं आहे ते पैलवानांविषयी नाही. पैलवानकी संपल्यावर जो माणूस उरतो, त्याच्याविषयी. त्याला आपण वस्ताद म्हणतो. फारसीतला उस्ताद आपल्याकडं येऊन मातीत लोळला आणि वस्ताद झाला. तालीम हा शब्द अरबीतला, त्याचा अर्थ शिक्षण. पैलवान फारसी, कुस्तीही फारसी. आणि डाव, पेच, पट, ढाक, मोळी ही सगळी गर्दी एकाच हौद्यात नांदते. कवी माणूस असल्यामुळं मला शब्दांचं हे वेड आहे. असो, मूळ गोष्टीकडं येतो.

१९७७ साल. मी सातेक वर्षांचा असेन. एके दिवशी सकाळी शेडमध्ये जोर-बैठका थांबलेल्या, आणि सगळे एकाच वर्तमानपत्रावर वाकलेले. बेळगावला हरिश्चंद्र बिराजदारांनी सतपालला हरवलं होतं. सतपाल म्हणजे दिल्लीच्या गुरू हनुमानांचा पठ्ठ्या. अंगानं थोराड, देशभर गाजणारा, १९७४ सालीच अर्जुन पुरस्कार मिळालेला. महाराष्ट्रात येऊन तो इथल्या मल्लांना भारी पडत होता आणि कुस्तीशौकिनांच्या मनात ते सलत होतं. त्यामुळं त्या दिवशी दौंडमध्ये जो तो स्वतः बेळगावला बसून ती कुस्ती पाहिल्यासारखं सांगत होता. दोघं हमाल तर ती पुन्हा लावायला निघाले. सतपाल कुणी व्हायचं यावरून त्यांचं वाजलं, कारण हरायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी चाचांनी मला सतपाल केलं.

दौंडच्या शेडमध्ये त्या दिवशी ज्याचं नाव निघालं तो माणूस होता कोण? हरिश्चंद्र बिराजदारांचा जन्म १९५० सालचा, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा. लातूर जिल्हा तेव्हा नव्हता, तो १९८२ साली झाला. हैदराबाद संस्थान भारतात येऊन दोनेक वर्षंच झाली होती. त्या मुलखात घरोघर कुस्तीचं वेड होतं, पण पैलवान घडायचा तर कोल्हापूर गाठावं लागे. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं, आणि तेव्हापासून पंजाबपासून मराठवाड्यापर्यंतचे पैलवान पंचगंगेच्या काठी येत राहिले. बिराजदार गंगावेस तालमीत आले. १९६९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते महाराष्ट्र केसरी झाले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तिथं भारताला एकूण पाच सुवर्णपदकं मिळाली आणि ती पाचही कुस्तीतली होती. त्यांतलं एक बिराजदारांचं. रामलिंग मुदगड ते एडिंबरो हे अंतर नकाशावर मोजता येईल, पण एकोणीस-वीस वर्षांच्या पोरानं ते कसं कापलं असेल, याचा विचार करताना मी अजून थबकतो. पुढं रुस्तुम-ए-हिंद हा किताबही त्यांनी मिळवला. आणि मग १९७७ चं बेळगाव.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. हलगी वाजते, फेटे उडतात, गदा खांद्यावर येते. यापुढं काय? पैलवानाचं आयुष्य फुलाच्या हंगामाएवढं. तिशी ओलांडली की गुडघा बोलायला लागतो, पाठ बोलायला लागते. पोटात मात्र खुराकाची सवय राहते. दूध, तूप, बदाम, खारीक यांवर वाढलेलं शरीर मेहनत थांबली की सुटतं. कुणी नोकरी धरतो, कुणी शेती, कुणी राजकारणात जातो, कुणी नुसताच यात्रेच्या फडावर मानाचा फेटा बांधून घेत हिंडतो. हेल्सिंकीला १९५२ साली पदक जिंकून आलेले खाशाबा जाधव पोलीस खात्यात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो १९८४ साली ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी.

आणि थोडे असतात ते पुन्हा तालमीत परततात. बिराजदार पुण्यात आले आणि गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवू लागले. आता ते कुणाचे बिराजदार राहिले नाहीत, सगळ्यांचे मामा झाले. नातं लावल्याशिवाय आपल्याकडं गुरुसुद्धा पचत नाही! पण मामा हा शब्द मला नेमका वाटतो. बापाचा धाक असतो, काकाचा वाटा असतो, मामाकडं मात्र हट्ट करता येतो. घर सोडून आलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला तालमीत असं एक माणूस लागतं.

मोठा मल्ल झाला म्हणजे मोठा वस्ताद होईलच असं नाही, उलट बहुतेक वेळा होत नाही. त्याचं कारण चाचांनी मला त्यांच्या पद्धतीनं सांगितलं होतं. ज्याच्या अंगात डाव उपजत असतो, त्याला तो कसा बसतो हे सांगता येत नाही. त्याचा हात आपोआप जातो. पोरगा विचारतो, हात कधी घालायचा? तो म्हणतो, "घालायचा तेव्हा घालायचा." एवढंच! ज्याला तो डाव शंभरदा चुकवून आलेला असतो, त्याला विचारा, तो पावलापावलानं सांगेल. बिराजदारांसारखे अव्वल दर्जाचे मल्ल जेव्हा अव्वल वस्ताद होतात, तेव्हा त्यांनी आपल्याच अंगाला पुन्हा विद्यार्थी केलेलं असतं. कोल्हापुरात गणपतराव आंदळकरांनी हे करून दाखवलं. १९६० साली हिंद केसरी, १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत एक सुवर्ण आणि एक रौप्य, १९६४ ला टोकियो ऑलिंपिक, आणि त्यानंतर आयुष्यभर मोतीबाग तालीम. त्यांच्या हाताखालचे दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाले, १९७४ ला राष्ट्रकुलात रौप्यपदक घेऊन आले, आणि मग तेही वस्ताद झाले. गंमत बघा, बेळगावचा हरलेला मल्लही याच वाटेनं गेला. सतपालांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि नंतर छत्रसाल स्टेडियममध्ये पोरं हाताशी धरली. त्यांचा पठ्ठा सुशील कुमार २००८ ला बीजिंगहून कांस्य आणि २०१२ ला लंडनहून रौप्य घेऊन आला. म्हणजे १९७७ साली एकमेकांना भिडलेले ते दोघं पुढं दोन शहरांत एकच काम करत बसले होते.

वस्ताद करतो तरी काय? बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काठावर बसून ओरडतो. मी चाचांच्या शेडमध्ये जे पाहिलं ते सांगतो. पहाटे चारला उठवायचं. आधी हौदा खणायचा. ही माती साधी नसते. लाल माती चाळून घ्यायची, तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर घालायचा, मुरवायची, आणि रोज फावड्यानं वरखाली करायची, नाहीतर ती दगडासारखी बसते. नव्या पोराला महिनाभर हेच काम. त्याला वाटतं, आपल्याला राबवून घेतात. प्रत्यक्षात त्याचे खांदे आणि कंबर तयार होत असते. मग जोर, बैठका, सपाट्या. मग लढत. आणि या सगळ्यात वस्तादाची नजर पोरांच्या पायांवर. चाचा कुस्ती चालू असताना तोंडाकडं कधीच बघत नसत. "तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाही," म्हणायचे. कुणाची जोड कुणाशी लावायची, कुणाला आज हरू द्यायचं, कुणाला मुद्दाम लहान पोराशी लढवून त्याचा माज उतरवायचा, कुणाच्या घरी जाऊन बापाला सांगायचं की या महिन्यात दुधाचे पैसे राहू द्या, हे सगळं वस्तादाच्या डोक्यात. वही नसते.

त्यात मधल्या काळात खेळच बदलला. मातीत पाठ टेकली की निकाल. चितपट नाही झाली तर अर्धा-अर्धा तास झुंज चालायची आणि शेवटी पंच बरोबरीत सोडवायचे. गादीवर तसं नसतं. तिथं तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, ताबा घेतला की गुण, उचलून टाकला की जास्त गुण, स्वस्थ उभं राहिलं तरी शिक्षा. मातीतला पैलवान दम राखून लढतो, गादीवरच्याला दम उधळावा लागतो. जुन्या वस्तादांपैकी कितीतरी जण या वळणावर मागं राहिले, आणि त्यात आमचे चाचाही आले. गादी म्हटली की ते तोंड फिरवायचे. मामांचं वेगळं होतं. त्यांनी गादी एडिंबरोत जिंकलेली होती, बेळगावचं मैदान मारलेलं होतं. त्यांच्या तालमीतली पोरं दोन्हीकडं लढू शकत.

आता चाचांची गोष्ट. त्यांना कुणी केसरी म्हटलं नाही. साठच्या दशकात भीमेच्या आणि घोडनदीच्या काठच्या जत्रांमधून त्यांच्या कुस्त्या लागायच्या. रेवडीपासून सुरुवात करून शेवटच्या कुस्तीपर्यंत ते पोचले होते. एका गावच्या कमिटीनं इनाम जाहीर केलं एक आणि हातावर ठेवलं त्याच्या निम्मं. ही तक्रार ते मरेपर्यंत करत होते, पण गावाचं नाव सांगायचे नाहीत. अशाच एका कुस्तीत गुडघा गेला. लंगडत सहा महिने काढले आणि मग घरामागं पत्रे टाकले.

त्यांच्याकडं शिकणारा पहिला नालायक मी. चौदाव्या वर्षी न्हावऱ्याकडच्या एका जत्रेत त्यांनी माझी कुस्ती लावली. समोरचा पोरगा माझ्याएवढाच होता. आम्ही हात मिळवले, त्यानं माती उचलून माझ्या अंगावर टाकली, आणि मी फडातून सरळ बाहेर चालत निघालो. पळालो नाही, चालत गेलो, त्याचंच लोकांना जास्त हसू आलं. चाचांनी स्वतःच्या खिशातून नारळ घेऊन त्या पोराला दिला. मला एक अक्षर बोलले नाहीत. पुढं दोन वर्षं बोलले नाहीत. मग माझी पहिली कविता एका दिवाळी अंकात छापून आली, तो अंक अब्बांनी त्यांना नेऊन दाखवला. चाचांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "याचं इनाम किती?" तीस रुपये, म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. एवढे पैसे त्यांना एका जत्रेत मिळाले होते.

त्यांचा खरा पठ्ठा दुसराच. नदीकाठच्या गावातून आलेला, आईबाप उसाच्या फडावर. त्याचं नाव सांगत नाही, तो आज चांगल्या नोकरीत आहे. अकराव्या वर्षी आला तेव्हा हाडांचा सापळा. चाचांनी त्याला घरात घेतलं. घरात दूध येई दीड शेर, त्यातलं एक शेर त्याला. चाची कुरकुरायची, कारण उरलेल्या अर्ध्या शेरात तिची चार पोरं. सहा वर्षांत तो असा निघाला, की चाचांकडं त्याच्याशी लढायला जोड उरली नाही. तेव्हा चाचांनी एक दिवस त्याला आंघोळ घालायला लावली, नवा सदरा दिला आणि पॅसेंजरनं पुण्याला नेऊन एका मोठ्या तालमीत सोडलं. परत आले तेव्हा चाचीनं विचारलं, "दिलात?" ते म्हणाले, "दिला." मुलगी सासरी पाठवल्यासारखं ते बोलणं मला अजून ऐकू येतं.

आपल्याकडं म्हण आहे, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. वाघाला सगळं शिकवलं पण झाडावर चढायचं तेवढं मांजरानं शिकवलं नाही, ती गोष्ट. मी चाचांना विचारलं होतं, तुम्ही कुठला राखला? ते म्हणाले, "माझ्याकडं आठ डाव होते, आठही दिले. राखायला नववा पाहिजे ना."

तीन-चार वर्षांनी त्या पोरानं एक मोठी कुस्ती मारली. आमच्याच भागात त्याचा सत्कार ठरला. चाचा इस्त्रीचा पायजमा घालून गेले, मी बरोबर होतो. आम्ही गर्दीत मागं उभे. पोरगा बोलायला उठला. त्यानं पुण्याच्या वस्तादांचं नाव घेतलं, आईवडिलांचं घेतलं, पुढाऱ्यांची घेतली. चाचांचं घेतलं नाही. विसरला असेल. माईकसमोर उभं राहिल्यावर माणूस स्वतःचं नावही विसरतो, हे मी कविसंमेलनांत पाहिलेलं आहे. परत येताना मी रागानं काहीतरी बोललो. चाचा म्हणाले, "बरोबर घेतलं त्यानं. जिंकवलं त्यांनीच." पण त्या रात्री जेवले नाहीत. चाचीनं कारण विचारलं नाही. ताट झाकून ठेवलं.

हा माणूस गेल्यावर त्याच्या आठ डावांचं काय होतं, हा प्रश्न मला पुढं वेगळ्याच देशाच्या संदर्भात भेटला. कंबोडियाबद्दल वाचत होतो. तिथं हातपाय, कोपर, गुडघे सगळं वापरून लढायची जुनी विद्या आहे, तिला कुन ख्मेर म्हणतात. शेजारच्या थायलंडच्या मुए थाईशी तिचं इतकं साम्य, की मूळ कुणाचं यावरून दोन्ही देशांत कायम भांडण. २०२३ च्या आग्नेय आशियाई स्पर्धा कंबोडियात झाल्या तेव्हा नावावरून वाद होऊन थायलंडनं त्या प्रकारात भागच घेतला नाही. आपल्या कोल्हापूर-पुण्याच्या वादासारखंच हे, फक्त मध्ये सरहद्द. पण मला हलवून गेलं ते दुसरंच. १९७५ ते १९७९ या काळात तिथं ख्मेर रूजची राजवट होती. लाखो माणसं मेली. खेळावर बंदी आली, आणि मेलेल्यांत लढवय्ये होते, त्यांना शिकवणारे होते. ही विद्या पुस्तकात नव्हती, ती त्या माणसांच्या हातापायांत होती. राजवट संपल्यावर जे थोडे उरले त्यांनी पुन्हा पोरं गोळा केली. बोकातोर नावाची तिथली आणखी एक जुनी युद्धविद्या आहे. सान किम सियन नावाचे गुरू परदेशातून मायदेशी परतले आणि गावोगाव हिंडून जिवंत उरलेले म्हातारे गुरू शोधत राहिले. २०२२ साली युनेस्कोनं त्या विद्येला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. बेळगावची कुस्ती झाली ते साल १९७७. दौंडच्या शेडमध्ये मी सतपाल होऊन मातीत लोळत होतो, त्याच महिन्यांत तिथं एखादा वस्ताद भाताच्या शेतात राबत, आपण कोण होतो हे लपवत जगत असेल. हे वाचल्यापासून चाचांच्या पत्र्याच्या शेडकडं मी निराळ्या नजरेनं पाहू लागलो.

मामांना २००६ साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला. खेळून झाल्यावरही जे खेळाला देत राहतात, अशांसाठीचा हा मान. त्या वेळी त्यांच्या तालमीत बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा एक चणीनं लहान पोरगा घाम गाळत होता. राहुल आवारे त्याचं नाव. बाप स्वतः पैलवान. पण पोरगा मोठा व्हायच्या ऐन वेळी, १४ सप्टेंबर २०११ ला, मामा गेले. साठी नुकतीच ओलांडली होती. राहुल मग काका पवारांकडं गेला. काका पवार हेही लातूरकडचेच, ग्रीको-रोमन कुस्तीतले अर्जुन पुरस्कार मिळालेले मल्ल, आणि तेही गदा खाली ठेवून पुण्यात कात्रजला पोरं घडवत बसलेले. त्यांच्या तालमीचा दबदबा किती, तर जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली तेव्हा समोरासमोर उभे राहिलेले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे दोघंही त्यांचेच पठ्ठे. हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. अशा वेळी वस्तादानं कुणाच्या बाजूनं ओरडायचं, देव जाणे.

राहुलची वाट सोपी नव्हती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला त्याच्या वजनगटातून दुसराच मल्ल गेला. पैलवानाच्या आयुष्यात चार वर्षं म्हणजे अर्धं आयुष्य. मग एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. ५७ किलो गट. अंतिम फेरीत कॅनडाचा स्टीव्हन ताकाहाशी. राहुलनं त्याला १५-७ असं हरवलं. एडिंबरोनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी मामांच्या तालमीतल्या पोराच्या गळ्यात त्याच स्पर्धेचं सुवर्णपदक आलं, आणि मामा बघायला नव्हते. पुढच्या वर्षी, २०१९ ला, नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत त्यानं ६१ किलोत कांस्यपदकही घेतलं.

गोल्ड कोस्टची बातमी आली तेव्हा मी दौंडला होतो. चाचा अठ्ठ्याहत्तरचे. डोळ्यांत मोतीबिंदू, खाटेवर पडून. शेड केव्हाच मोडली होती, त्या जागी धाकट्या चुलतभावानं दोन खोल्या काढल्या होत्या. मी त्यांना पेपर वाचून दाखवत होतो. गुण वाचले, कॅनडाच्या मल्लाचं नाव वाचताना माझी जीभ अडखळली. मग पुढची ओळ वाचली. राहुलनं ते पदक आपले दिवंगत वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार यांना अर्पण केलं होतं.

चाचांनी मान वळवली. "कुणाचं नाव घेतलं?"

"बिराजदार मामांचं."

"ते तर गेले ना?"

"सात वर्षं झाली."

"आणि आता शिकवतो कोण?"

"काका पवार."

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "परत वाच." मी परत वाचली. थोड्या वेळानं म्हणाले, "चश्मा कुठाय?" मोतीबिंदूमुळं चष्म्याचा काही उपयोग नव्हता, तरी मी दिला. त्यांनी पेपर हातात घेतला, छातीवर उघडा ठेवला आणि तसेच झोपले. चाचीनं पंखा बंद केला, पेपर उडू नये म्हणून. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात चाचा गेले. मय्यतीला तो पठ्ठा आला होता. नोकरीच्या गावाहून रात्रभर प्रवास करून आला, आणि कबरीत माती सारायला सगळ्यांच्या आधी फावडं त्यानंच उचललं. हौदा खणण्याची सवय होती त्याला. चार जणांची माती त्यानं एकट्यानं ओढली. मी त्याच्याशी त्या सत्काराबद्दल काही बोललो नाही. त्यानंही काढलं नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा आमच्या जवळच, लोणीकंदच्या बाजूला फुलगावला झाली. शिरूरहून नगर रस्त्यानं फार तर तासाभराची वाट. मी गेलो. अंतिम लढत शिवराज राक्षे आणि सिकंदर शेख यांची. सिकंदर मोहोळचा, हमाली करणाऱ्या बापाचा पोरगा, कोल्हापूरच्या त्याच गंगावेस तालमीत वाढलेला. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात त्याच्या एका लढतीतल्या गुणांवरून मोठा वाद झाला होता, त्यामुळं गर्दीचा सगळा जीव त्याच्यावर. माझ्या शेजारी एक म्हातारे बसले होते, दोन्ही कान मोडलेले. मी मुद्दाम त्यांच्याजवळ जागा धरली होती. शिट्टी झाली, मी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बघतो तर लोक उभे राहून नाचत होते. अर्धं मिनिटसुद्धा झालं नव्हतं. म्हातारे मात्र जागेवरच बसलेले. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "पाय बघितला नाहीत तुम्ही."

रात्री घरी आल्यावर दौंडला चाचीला फोन केला. तिला आता कमी ऐकू येतं, ओरडून सांगावं लागतं. सांगितलं, शेख जिंकला, गंगावेसचा पोरगा. तिनं विचारलं, "किती वेळ चालली?"

"अर्धं मिनिटही नाही."

"आणि एवढ्यासाठी तू शिरूरहून गेलास?" चाची म्हणाली, आणि कितीतरी वेळ हसत राहिली.